सूचनाफलकावरचा 'ओन'

नेरुळमधील आमच्या सोसायटीच्या फलकावर गेल्या महिन्यात पार्किंगविषयी एक इंग्रजी सूचना लागली: 'मेंबर्स मस्ट पार्क देअर कार्स इन देअर स्लॉट्स.' दुसऱ्याच दिवशी कोणीतरी दुसऱ्या 'देअर'नंतर निळ्या बॉलपेनने काकपद (राहिलेला शब्द घालण्याची ^ ही खूण) काढून वर 'ओन' असे लिहिले. भांडणाऱ्या शेजाऱ्यांपैकी ही दुरुस्ती कोणी केली याची चर्चा अजून चालू आहे. माझे कुतूहल मात्र त्या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाने अर्थामध्ये नेमका काय फरक पडला, याविषयी आहे.

माय, योर, हिज, देअर हे शब्द मालकी दाखवतात, असे आपण शाळेत शिकतो. ते अर्धेच खरे आहे. 'माय बॉस' म्हणणारा कर्मचारी साहेबांचा मालक नसतो आणि आपली 'ठाण्याची लोकल' ठाण्याच्या मालकीची नसते. हे शब्द 'काहीतरी संबंध आहे' एवढेच सांगतात. तो मालकीचा, नात्याचा की रोजच्या वापराचा, हे ऐकणाऱ्याने प्रसंगावरून ओळखायचे असते. पाणिनीने 'षष्ठी शेषे' (२.३.५०) या सूत्रात हेच हेरले होते: इतर विभक्तींचे अर्थ वजा जाता जे संबंध उरतात, त्यांच्यासाठी षष्ठी.

म्हणूनच भाडेकरूही निःसंकोच 'माय फ्लॅट' म्हणतो, आणि त्यात खोटे काही नसते. घरमालकाला वेगळेपण दाखवायचे असेल, तर त्याला 'माय ओन फ्लॅट' म्हणावे लागते. मात्र 'ओन'चा अर्थ 'मालकीचा' एवढाच धरला, तर 'आय सॉ इट विथ माय ओन आइज' या वाक्याचे काय करायचे? स्वतःच्या डोळ्यांवर दुसऱ्या कोणी हक्क सांगितलेला नसतो.

या कोड्याची किल्ली मॅट्स रूथ या भाषावैज्ञानिकाने १९८५च्या आपल्या प्रबंधात मांडलेल्या कल्पनेत सापडते. वाक्यातील एखाद्या शब्दावर भर दिला, की त्या वाक्याला दोन अर्थ मिळतात: एक नेहमीचा, आणि दुसरा म्हणजे त्या शब्दाच्या जागी इतर शब्द ठेवून तयार होणाऱ्या पर्यायी वाक्यांचा संच. 'इन देअर ओन स्लॉट्स' म्हणताच 'शेजाऱ्याच्या जागेत', 'पाहुण्यांच्या जागेत' हे पर्याय मनात उभे राहतात आणि त्याच क्षणी बाद होतात. डोळ्यांच्या वाक्यात बाद होणारा पर्याय 'दुसऱ्याने पाहून मला सांगितले' हा असतो. म्हणजे 'ओन'चे मुख्य काम विरोध दाखवण्याचे आहे. मालकी हा त्या विरोधाचा केवळ एक प्रकार.

हे काम नुसत्या आवाजानेही होते. अॅम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या 'प्राट' या आवाजाचे विश्लेषण करणाऱ्या मोफत संगणक-प्रणालीत मी स्वतःच्या आवाजातील 'धिस इज माय स्लॉट' हे वाक्य दोनदा तपासले. साध्या उच्चारात 'माय' चटकन संपला. भांडणाच्या सुरात त्यातील स्वर लांबला आणि स्वरपट्टीची रेघ तिथेच उंच चढून पुढे घसरली. आघात आणि 'ओन' यांत मात्र एक सूक्ष्म भेद आहे. 'जॉन वॉश्ड हिज कार' या वाक्यात 'हिज'वर आघात दिला, तर बोट बहुधा जॉनशिवाय दुसऱ्या कोणाकडे वळते. 'हिज ओन' म्हटले, की गाडी जॉनचीच ठरते, कारण 'ओन' संबंधाला कर्त्याशी बांधून ठेवतो. फलकावरच्या कागदाला आवाज नसतो, त्यामुळे निळ्या बॉलपेनपुढे हा एकच मार्ग होता.

मराठी हीच कामे वाटून देते. 'राजूने सुरेशला आपल्या गाडीतून सोडले' यात कर्त्याशी बांधण्याचे काम 'आपला' करतो. प्रत्येकाला त्याची त्याची वस्तू वाटून देण्याचे काम 'आपापला' करतो, आणि पर्याय बाद करण्यासाठी 'च' आहे. इंग्रजी सूचनेत गोंधळ होता तो वाटणीचा: 'सगळ्यांच्या गाड्या सगळ्यांच्या जागांमध्ये' असा अर्थ घेऊन कोणीही कुठेही गाडी लावली, तरी मूळ वाक्य मोडत नव्हते.

'ओन' हा शब्द 'जवळ असणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून आला आहे आणि 'देणे लागणे' या अर्थाचा 'ओ' हा त्याचा सख्खा भाऊ. आपल्याकडील 'ईश' म्हणजे स्वामी, हा त्यांचा दूरचा नातेवाईक. गृहकर्जाचे हप्ते भरत 'ओनरशिपचा फ्लॅट' म्हणणाऱ्यांना या भाऊबंदकीचा अनुभव आहेच. नवी मुंबईत तर सिडकोची जमीन साधारणतः ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळत आली आहे.

या आठवड्यात समितीने मराठी सूचनाही लावली: 'सभासदांनी आपापली वाहने आपापल्या जागेत लावावीत.' काल पाहिले, तर 'जागेत'पुढे निळ्या शाईने 'च' जोडलेला होता.