सीटीवरचा काळा भाग : भिंत पडली की हवा अडकली?

सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाचा एखादा भाग आजूबाजूपेक्षा जास्त काळा दिसला, तर तिथे हवा जास्त आहे एवढंच कळतं. ती जास्त का आहे, हे नुसत्या काळेपणावरून सांगता येत नाही. एक कारण म्हणजे एम्फिसिमा. यात वायुकोशांमधल्या भिंतीच विरून जातात. दुसरं कारण लहान श्वासनलिकांचा आजार. यात वायुकोश शाबूत असतात, पण २ मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या सुजून अरुंद झाल्यामुळे आत गेलेली हवा बाहेर पडत नाही. एकात घराच्या भिंती पडल्या, दुसऱ्यात घर उभं आहे पण गल्ली बुजली आहे. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग कायमचा अडवणाऱ्या दीर्घकालीन आजाराच्या रुग्णात दोन्ही एकत्रही नांदतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. पण फरक मोठा आहे : पडलेली भिंत औषधाने पुन्हा उभी राहत नाही, नळीतली सूज मात्र थोडीफार उतरू शकते.

स्पायरोमेट्रीला, म्हणजे जोरात फुंकर मारून करायच्या श्वासाच्या चाचणीला, हा फरक कळत नाही. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचं एकूण हवेशी प्रमाण ०.७ च्या खाली गेलं की अडथळा आहे असं ठरतं. तो कशामुळे, हे त्या आकड्यात नसतं. शिवाय बारीक नळ्या संख्येने इतक्या असतात की त्यातल्या बऱ्याच निकामी झाल्या तरी फुंकर जवळपास तशीच राहते. श्वसनाचे अभ्यासक जेरे मीड यांनी १९७० मध्ये या भागाला फुफ्फुसाचा ‘मूक प्रदेश’ म्हटलं ते उगाच नाही. २०११ मध्ये मायक्रो-सीटीने, म्हणजे अतिसूक्ष्म तपशील दाखवणाऱ्या सीटीने, फुफ्फुसांचे नमुने तपासल्यावर असं दिसलं की या नळ्या अरुंद होणं आणि नाहीशा होणं एम्फिसिमाच्या आधीच सुरू होतं. लवकर निदान करायचं तर नजर इथेच हवी.

त्यासाठी दोन स्कॅन लागतात : एक छाती भरून श्वास घेतल्यावर, दुसरा श्वास सोडल्यावर. सीटीतला काळे-पांढरेपणा मोजणाऱ्या हाउन्सफिल्ड मापावर पाणी ० आणि हवा उणे १०००. श्वास भरलेला असताना चित्रातला जो ठिपका उणे ९५० च्याही खाली जातो, तो एम्फिसिमाचा धरतात. श्वास सोडल्यावरही जो उणे ८५६ च्या खालीच राहतो, तिथे हवा अडकलेली. मिशिगन विद्यापीठातल्या गालबान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे दोन्ही स्कॅन ठिपक्याला ठिपका जुळवून रंगीत नकाशा केला : निरोगी भाग हिरवा, हवा अडकलेली पण एम्फिसिमा नसलेला, म्हणजे नळ्यांच्या आजाराचा भाग पिवळा, एम्फिसिमा लाल.

यात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठे? रंग ठरवणं ही साधी वजाबाकीच्या पातळीची गोष्ट आहे. तिला ‘एआय’ म्हणून मिरवणाऱ्या जाहिराती मला तरी पटत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेचं खरं काम फुफ्फुसाची कड अचूक आखणं आणि आकार बदललेली दोन चित्रं जुळवणं. चित्रच सदोष असेल तर मात्र तिचाही नाइलाज. रुग्णाने श्वास पुरता सोडला नाही तर खोटा पिवळा वाढतो, चित्र फार धारदार करणारी प्रक्रिया वापरली तर खोटा लाल. दम्यातही हवा अडकते, वयानेही थोडा पिवळा येतोच. त्यामुळे पिवळा रंग म्हणजे आजाराचं नाव नव्हे.

आता श्वास भरलेल्या एकाच स्कॅनवरून अडकलेली हवा ओळखणारी मॉडेलं तयार होताहेत. कल्पना आकर्षक आहे, पण तो अंदाज आहे, मोजमाप नव्हे. असा अंदाज ज्या रुग्णांवरून शिकलेला असतो, त्यांच्यासारख्यांवरच नीट चालतो. आणि या क्षेत्रातला सीओपीडीजीन या अभ्यासासारखा स्कॅनचा मोठा संग्रह मुख्यतः अमेरिकेतल्या धूम्रपान करणाऱ्यांचा आहे. चुलीच्या धुराचं चित्र वेगळं. मेक्सिकोतल्या स्त्रियांच्या अभ्यासात, सिगारेट ओढणाऱ्यांच्या तुलनेत चुलीवर स्वयंपाक करणाऱ्यांत एम्फिसिमा कमी आणि अडकलेली हवा जास्त आढळली. आपल्याकडे चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायका काही कमी नाहीत. अशा बाईला धाप लागत असेल आणि सीटी करायचं ठरलंच असेल, तर डॉक्टरांनी चिठ्ठीत ‘श्वास सोडूनही’ असं लिहावं. हा दुसरा स्कॅन कमी किरणांत होतो आणि मशीनला अंदाज बांधत बसावं लागत नाही.