ऑइल भरलेलं होतं, तरीही संपलं होतं

माझ्या टेबलावर गेले दोन महिने एक बेअरिंग शेल पडून आहे. अर्ध्या बांगडीसारखा आकार, जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. पाठ पोलादाची, आतल्या बाजूला मऊ मिश्रधातूचा राखाडी थर. या शेलवर मात्र तो थर मधोमध पुसला गेलाय, खालचं तांबं लालसर चमकतंय आणि त्यावर नखाला लागतील अशा बारीक रेघा उमटल्यात. गॅरेजवाल्याने तो माझ्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "तांबं दिसलं की काम निघालंच समजा."

गाडी आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांची. सर गाडी फार जपतात. मंडई, बँक, नातीची शाळा, एवढंच काय ते फिरणं. चार वर्षांत साडेनऊ हजार किलोमीटर झाले आणि 'दहा हजार व्हायचेत अजून' म्हणून ऑइल एकदाही बदललं गेलं नाही. बॉनेटखाली मागच्या सर्व्हिसचं स्टिकर आहे. 'पुढील ऑइल चेंज'समोर किलोमीटरचा आकडा लिहिलाय, शेजारचा तारखेचा रकाना कोरा. सर दर महिन्याला डिपस्टिक काढून पुसून बघायचे, पातळी उतरली की पाव-अर्धा लिटर वरून घालायचे. ऑइल कधी खालच्या खुणेच्या खाली गेलं नाही. मग मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला. वर चढून गेल्यावर गॅरेज बघू, म्हणून त्यांनी गाडी तशीच नेली. घाट संपायच्या आत इंजिनातून ठोके ऐकू यायला लागले.

सरांनी मला विचारलं, "ऑइल तर होतं. मग झालं काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं नीट उत्तर द्यायचं तर आधी ऑइल इंजिनात काय करतं ते पाहायला हवं.

ऑइलमुळे धातू गुळगुळीत होतो आणि घसरतो, अशी आपली साधारण समजूत असते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल घालायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरायला लागला की ऑइल आत जाण्याऐवजी त्या भोकातून बाहेर यायचं. त्याने बूच लावलं, ते निघून आलं. मग लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत बाहेर पडली. शेवटी तिथे दाबमापक बसवला, तेव्हा आतला दाब बेअरिंगवरच्या सरासरी भारापेक्षा कितीतरी जास्त निघाला. फिरणारा आस स्वतःच ऑइल ओढून अरुंद फटीत कोंबत होता आणि त्या दाबावर स्वतःच उचलला जात होता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनल्ड्सने यामागचं गणित मांडलं.

पावसाळ्यात हायवेवर पाणी साचलेलं असताना वेगात गेलं की टायर पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक लागत नाही, हे आपल्याला माहीत आहे. तिथे जे जिवावर बेततं, तेच इंजिनातल्या बेअरिंगला जगवतं. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, बेअरिंगला टेकलेला नसतो, ऑइलच्या थरावर तरंगत असतो. हा थर कमीत कमी किती पातळ असतो? भार सगळ्यात जास्त असतो त्या क्षणी मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आणि भार किती? छोट्या पेट्रोल गाडीत स्फोटाच्या क्षणी पिस्टनवर सहज दोन टनांहून जास्त जोर पडतो, तोच कनेक्टिंग रॉडमधून, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यातून, त्या थरावर येतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर, दोन फेऱ्यांत एक स्फोट या हिशेबाने, प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा. मला तर हे नेहमीच थक्क करतं: दोन टन आणि धातू यांच्या मध्ये केसाच्या सत्तराव्या हिश्श्याएवढं ऑइल, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं.

टिकण्याच्या अटी मात्र दोन. ऑइलचा दाटपणा योग्य हवा आणि ते अखंड पोचत राहायला हवं. सरांच्या गाडीत दोन्ही बिघडल्या होत्या.

दाटपणापासून सुरुवात करू. पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो, तो हवेतल्या ऑक्सिजनशी मिळाला की पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडे वायू पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली, ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतात. थंड इंजिनात पुरतं न जळलेलं पेट्रोलही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपतं. इंजिन नीट तापलं की हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं. अडचण अशी की डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइल त्याच्या मागून सावकाश तापतं. घर ते मंडई दोन किलोमीटर. ऑइल तापायच्या आत गाडी बंद. परत येताना पुन्हा तेच. म्हणजे रोज पाणी आणि पेट्रोल आत जायचं, बाहेर पडायला संधीच नाही, आणि पेट्रोलने ऑइल पातळ होत जायचं. ऑइल भरायच्या टोपणाखाली पिवळसर लोण्यासारखा थर दिसतो ना, तो याच पाण्याचा आणि ऑइलचा फेसाळ मिलाफ. (तोच थर कूलंट ऑइलमध्ये शिरल्यानेही येतो, म्हणून पुसून विसरून जाऊ नये, दाखवून घ्यावं.)

यातली फसवणूक अशी की डिपस्टिकवर सर जी पातळी बघत होते, तिच्यातला काही भाग ऑइल नव्हताच. साताऱ्याच्या लांब प्रवासात इंजिन महिन्यांनी पहिल्यांदा पूर्ण तापलं, पाणी-पेट्रोल उडालं आणि पातळी खाली आली. शहरात फिरणारी गाडी हायवेला लागल्यावर अचानक ऑइल कमी दाखवते, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांत याचं दुसरं रूप दिसतं. तिथे काजळीची गाळणी जाळून साफ करायला जादा डिझेल फवारलं जातं, त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी चक्क वाढते. डिझेलवाल्यांनी वाढलेल्या पातळीलाही तितकंच घाबरावं.

आता ऑइलच्या आत डोकावू. डब्यातलं ऑइल म्हणजे नुसतं तेल नव्हे. त्यात निरनिराळी रसायनं मिसळलेली असतात, आणि त्यातली बरीचशी स्वतः खर्ची पडून इंजिन वाचवतात. ज्वलनातून आम्लं तयार होतात, ती मारायला ऑइलमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवलेले असतात. चुनखडीत असतं तेच कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिडिटीवर आपण गोळी घेतो, तसाच प्रकार. प्रत्येक थेंब आम्लापायी त्यातलं थोडं संपतं. साठा संपला की आम्ल बेअरिंगचा मऊ धातू खायला लागतं. दुसरं एक जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. झडपा उघडणाऱ्या कॅमसारख्या जागी, जिथे धातू एकमेकांना प्रत्यक्ष टेकतात, तिथे घर्षणाच्या उष्णतेने ते काचेसारखा पातळ पापुद्रा धरतं. पापुद्रा झिजतो, संयुग नवा बनवतं, तोही झिजतो. धातूऐवजी तो झिजतो, म्हणून कॅम शाबूत राहतो. संयुग संपलं की झीज थेट धातूवर येते. काजळीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होऊ नयेत म्हणून त्यांना सुटं सुटं धरून ठेवणारी रसायनं असतात, रिठ्याने मळ सुटून पाण्यात तरंगत राहतो तशी. यामुळे ऑइल काळं होतं. ऑइल काळं पडलं म्हणजे वाया गेलं, असं पुष्कळ जण म्हणतात. ते बरोबर नाही. डिझेल गाडीत नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं आणि ते आपलं काम करत असतं. रंगावरून ऑइलचं आयुष्य सांगता येत नाही.

सगळ्यात घातक गोष्ट मला वाटते ती ऑक्सिडेशन. वडे तळायचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते दाट होतं, कढईच्या कडेला तपकिरी चिकट थर बसतो आणि तो घासून जात नाही. गरम तेलाचे रेणू ऑक्सिजनशी मिळून एकमेकांना जोडले जातात, लांबलचक होतात. इंजिन ऑइलचंही तेच होतं, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. ती रोखायला ऑइलमध्ये रोधक रसायनं घातलेली असतात. ती शिल्लक आहेत तोवर ऑइल जवळपास आहे तसंच राहतं. ती संपली की मात्र बिघाड रांगत येत नाही, धावत येतो. म्हणून ऑइल न बदलताही गाडी बरेच दिवस छान चालते आणि चालवणाऱ्याची खात्री पटते की काही होत नाही. सरांची अशीच खात्री पटली होती, आणि त्यात मी त्यांना दोष देत नाही. गाडीने त्यांना काहीच कळू दिलं नव्हतं.

वरून घातलेल्या पाव लिटरने काय होतं? थोडी ताजी रसायनं मिळतात, हे खरं. पण रांजणात वरून पाणी ओतलं म्हणून तळाचा गाळ जात नाही. आम्लं, धातूचा चुरा, धूळ, काजळी सगळं आतच राहतं.

हा गाळ मी पाहिला. इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, टॅपेट कव्हर, काढलं तेव्हा खाली जे चकचकीत दिसायला हवं होतं, त्यावर बोटभर काळा, डांबरासारखा लगदा. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर वडीसारखा तुकडा निघाला. मग चेंबर उतरवलं. ऑइल पंप जिथून ऑइल ओढतो तिथे जाळी असते. ती निम्म्याहून जास्त बुजली होती. फिल्टरचीही तीच गत. फिल्टर तुंबला की इंजिन कोरडं पडू नये म्हणून एक झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. म्हणजे कित्येक महिने त्या बेअरिंगला मिळत होतं ते चुऱ्यासकटचं ऑइल. शेलवरच्या रेघा त्या चुऱ्याच्या.

घाटात हे सगळं एकत्र आलं. भार जास्त, उष्णता जास्त, पातळी उतरलेली, जाळी बुजलेली. पंपाला ऑइल पुरेना, दाब पडला आणि लाल दिवा लागला. हा दिवा ऑइल जुनं झाल्याचं सांगत नाही, पातळीचंही नाही. दाब गेला, एवढंच तो सांगतो, आणि तेव्हा तो मायक्रॉनभराचा थर फाटायला लागलेला असतो. इथे कळकळीने सांगतो: तो चालत्या गाडीत लागला तर सुरक्षित जागा बघून लगेच इंजिन बंद करा. पुढच्या गॅरेजपर्यंत नाही, पुढच्या वळणापर्यंतही नाही. टोइंगला जे पैसे लागतील ते लागू देत. सरांनी तिथेच गाडी थांबवली असती, तर कदाचित क्रँक वाचला असता.

गाळाचा दोष नेहमी मालकाचाच असतो असं मात्र नाही. अमेरिकेत १९९७ ते २००२ च्या टोयोटा आणि लेक्सस गाड्यांच्या काही इंजिनांत गाळ साचायच्या तक्रारी आल्या. कंपनीचं म्हणणं होतं की लोक ऑइल वेळेवर बदलत नाहीत, तर पुष्कळ मालक पावत्या दाखवत होते. अखेर २००२ मध्ये कंपनीने सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी अशा दुरुस्तीची जबाबदारी घेतली. काही इंजिनांची रचना ऑइलला जास्त तापवते, तिथे ऑइल बदलायला उशीर फारसा खपत नाही. टर्बो गाड्यांचंही तसंच. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि धुराड्याच्या उष्णतेशेजारी बसलेला असतो.

मग बदलायचं कधी? गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दोन आकडे असतात, किलोमीटर आणि महिने, आणि त्यापुढे 'जे आधी होईल ते'. पुष्कळ गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. या चार शब्दांकडे सरांचं आणि त्या स्टिकर लिहिणाऱ्याचं दुर्लक्ष झालं. त्याच पुस्तिकेत पुढे कुठेतरी 'खडतर वापर' असा तक्ता असतो: कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ, सतत थांबत-चालत जाणं. तो वाचला की लक्षात येतं, पुण्या-मुंबईतली रोजची गाडी त्यातच मोडते, आणि तिथली मुदत कमी असते. उलट दर तीन हजारांवर ऑइल बदला असं कोणी सांगत असेल, तर आजच्या चांगल्या ऑइलला बहुतेक गाड्यांत त्याची गरज नाही. ग्रेडही पुस्तिकेतलीच घ्यावी. '५डब्ल्यू-३०' मधला पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहील ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहील ते. आपल्याकडे उन्हाळा कडक म्हणून दाट ऑइल घालावं, हा सल्ला जुन्या इंजिनांचा आहे. आजच्या इंजिनातल्या फटी आणि नळ्या बारीक असतात.

काढलेलं जळकं ऑइल आपल्याकडे सर्रास सेंटरिंगच्या फळ्यांना लावतात, वाळवीवर ओततात, खरूज झालेल्या कुत्र्याच्या अंगाला चोळतात. त्यात जड धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात. कायद्याने तो घातक कचरा आहे. कुत्र्याला तर कधीच लावू नका. तो स्वतःचं अंग चाटतो.

सरांच्या इंजिनचं काम होऊन गाडी परत आली. बिल सत्तर हजारांच्या घरात गेलं. मेकॅनिकने नवं ऑइल हजार किलोमीटरलाच काढायला सांगितलं होतं, कारण नव्या रिंगा आणि बेअरिंग जुळताना सुरुवातीची झीज त्यात उतरते. परवा ते काढलं तेव्हा सर आणि मी दोघंही गेलो होतो. काळपट धार ट्रेमध्ये पडत होती आणि उन्हात तिच्यात चांदीसारखे बारीक कण लुकलुकत होते. सरांनी दोन बोटांत थेंब घेऊन चोळला, रुमालाला पुसला, मग खिशातलं पेन काढून नव्या स्टिकरवर आधी तारीख लिहिली.