पाचव्या चाकाची पार्श्वभूमी

नव्या गाडीच्या डिकीतली चटई उचलली की हल्ली तीनपैकी एक गोष्ट दिसते. बाकीच्या चारांसारखेच पाचवे चाक, त्यांच्यापेक्षा बारीक किंवा लहान रिमचे चाक, नाहीतर नुसता हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चर बुजवणाऱ्या सीलंटची बाटली. शोरूममध्ये याबद्दल सहसा कुणी आपणहून बोलत नाही. हे प्रकार एकामागून एक आले ते जागा, वजन आणि खर्चाच्या हिशेबातून. रस्त्यात अडकलेल्याची सोय त्या हिशेबात मागेच राहिली.

सुरुवात मात्र त्याच्याच सोयीसाठी झाली होती. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी मोटारीला हवेचे टायर लावले आणि वाटेत पंक्चरांनी ते जेरीस आले. तेव्हाची लाकडी आऱ्यांची चाके गाडीपासून चटकन सुटी होत नसत. चाक जागेवर ठेवूनच टायर रिममधून उपसायचा, ट्यूब बदलायची किंवा ठिगळ लावायचे आणि हातपंपाने हवा भरत बसायचे. रस्ते घोडागाड्यांचे, त्यामुळे नालांचे खिळे जागोजाग.

वेल्समधल्या लानेली गावच्या टॉम डेव्हिस यांनी १९०४ मध्ये यावर साधी युक्ती काढली. आरे नसलेली एक गोल रिम, तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर. पंक्चर झालेले चाक काढायचेच नाही. ही रिम त्याला बाहेरून क्लॅम्पने आवळायची आणि निघायचे. डेव्हिस बंधूंचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, तेच नाव चाकाला मिळाले. ही जोडचाके हिंदुस्थानापर्यंत पोहोचली. पुढे अख्खे चाक काढून दुसरे बसवणे सोपे झाले तशी डेव्हिस यांची क्लॅम्पवाली रिम निकालात निघाली. आपण आज स्टेपनी म्हणतो ते चाक या जुन्या वस्तूपेक्षा अगदी वेगळे आहे.

सुटी चाके आल्यावर पाचवे चाक बाकीच्यांसारखेच असणे ओघाने आले. १९२०-३० च्या दशकांतल्या ऐटबाज गाड्यांत ते पुढच्या मडगार्डातल्या खोबणीत मिरवत असे, जीपने ते पाठीवर घेतले, सेडान गाड्यांत ते डिकीत शिरले. डिकीत शिरल्यावरच त्याच्या जागेकडे लोकांचे डोळे लागले. अमेरिकेत १९६७ च्या पाँटिअॅक फायरबर्डला बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीचा घडी केल्यासारखा दबलेला टायर मिळत असे. गरज पडली की डब्यातल्या वायूने तो फुगवायचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर गाड्या लहान आणि हलक्या करायची घाई झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस बारीक, तात्पुरते चाक आले. त्यात हवा तब्बल ६० पीएसआय लागते आणि मर्यादा असते ताशी ८० किलोमीटर.

आपल्याकडे पूर्ण आकाराची स्टेपनी बरीच टिकली. ट्यूबचे टायर आणि खड्डे असताना दुसरे काही चाललेच नसते. ट्यूबलेस टायर आणि अलॉय चाके आली तेव्हा वरच्या मॉडेलला १६ इंची अलॉय आणि डिकीत १५ इंची लोखंडी चाक, अशी काटकसर सुरू झाली. मग जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली: साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून हे लागू झाले. वाचलेली जागा इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला कामी येईल, हेही एक कारण सरकारने दिले होते. ते पटण्यासारखे आहे. पण पेट्रोल गाडीतूनही स्टेपनी गायब होते तेव्हा ती निव्वळ बचत असते, असे माझे मत.

कारण किटची झेप मुळातच छोटी. जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला असेल तर सीलंट चालते. खड्ड्यात आपटून टायरची बाजू फाटली तर बाटली रिकामी करूनही काही होत नाही. शिवाय बाटलीला मुदत असते आणि ती कुणी वाचत नाही.

म्हणून गाडी घेताना पूर्ण आकाराचे चाक मिळत असेल तर तेच घ्यावे, आणि टायर सारखे झिजावेत म्हणून त्यांच्या जागांची अदलाबदल करतात तेव्हा पाचही टायर फिरवावेत. नाहीतर स्टेपनी न वापरताच म्हातारी होते. टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांत तिचे वय असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. बाकीच्या चारांची हवा तपासताना तिचीही तपासायला सांगावे, कारण पंपावरचा मुलगा डिकी उघडायला आपणहून सांगत नाही.

लहान चाक असेल तर इंजिन पुढची चाके फिरवते अशा गाडीत ते शक्यतो मागे लावावे. पुढचा टायर गेला असेल तर मागचे धड चाक पुढे आणायचे आणि लहान चाक मागे. मेहनत दुप्पट, पण स्टिअरिंग आणि ब्रेक ठिकाणावर राहतात. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे. लहान चाकावर तिथे ८० च्या आत, डाव्या कडेने जायचे आणि पंक्चरवाला सापडेल त्या पहिल्याच इंटरचेंजला खाली उतरायचे.