लष्करी आणि नागरी हेलिकॉप्टर वैमानिक : अमेरिकेतील व्यावसायिक परवान्याची पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

अमेरिकेत हेलिकॉप्टर उडवून मोबदला घ्यायचा असेल, तर वैमानिकाकडे एफएए या तेथील केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाचा हेलिकॉप्टरसाठीचा व्यावसायिक परवाना असावा लागतो. परवाना सगळ्यांना एकच मिळतो आणि तो लष्करी सेवेतून आला की नागरी शाळेतून, याची कोणतीही खूण त्यावर नसते. फरक पडतो तो त्याआधी. नागरी मार्गाने येणाऱ्याला आपले कौशल्य परीक्षकाला शेजारी बसवून हवेत दाखवावे लागते, तर लष्करी वैमानिकाची हीच परीक्षा सेवेत झालेली आहे असे मानले जाते आणि ती झाल्याचा पुरावा त्याला कागदावर द्यावा लागतो. दोघांत सरस कोण, हा वाद हँगरमध्ये कधी संपत नाही. अर्ज तपासणारा निरीक्षक मात्र त्यात पडत नाही, आणि ते बरेच आहे.

आधी नागरी मार्ग पाहू. पहिली पायरी खासगी परवान्याची असून त्यासाठी वय किमान १७ वर्षे आणि किमान ४० तासांचा उड्डाण अनुभव लागतो. त्या ४० तासांत २० तास इन्स्ट्रक्टरसोबतचे आणि १० तास एकट्याने केलेल्या उड्डाणाचे असावे लागतात. व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान १८ वर्षे असावे आणि इंग्रजी वाचता, बोलता, लिहिता व समजता यावे, अशी अट आहे. नियमावलीच्या भाग ६१ नुसार एकूण अनुभव १५० तासांचा हवा; त्यांपैकी किमान ५० तास हेलिकॉप्टरमधले, १०० तास मुख्य वैमानिक म्हणून केलेले आणि या १०० तासांतले किमान ३५ तास हेलिकॉप्टरवरचे असावे लागतात. याखेरीज २० तासांचे ठरावीक प्रशिक्षण घ्यावे लागते, ज्यात केवळ उपकरणांच्या आधारे हेलिकॉप्टर हाताळण्याचा सराव आणि दिवसाचे व रात्रीचे प्रत्येकी एक दीर्घ क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या दुसऱ्या ठिकाणी उतरण्याचे, उड्डाण येते. भाग १४१ खाली मान्यता मिळालेल्या शाळेत हाच अभ्यासक्रम किमान ११५ तासांच्या उड्डाण प्रशिक्षणात बसवलेला असतो. मात्र तिथे प्रत्येक धड्याचा क्रम व नोंद तपासली जात असल्याने मधूनच शाळा बदलणे जड जाते.

लेखी परीक्षेत १०० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. निकाल २४ महिने ग्राह्य राहतो, म्हणून तास पूर्ण होण्याच्या खूप आधी ही परीक्षा देऊन टाकण्यात शहाणपण नाही. प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी छायाचित्र व स्वाक्षरी असलेले ओळखपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र, लेखी परीक्षेचा निकाल, इन्स्ट्रक्टरच्या सह्या असलेले लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, आणि त्या हेलिकॉप्टरच्या देखभालीच्या नोंदी जवळ ठेवाव्या लागतात. तोंडी परीक्षेचे ओझे उमेदवार डोक्यावर घेऊन येतात, पण लॉगबुकात राहून गेलेली एखादी सही उड्डाणाआधीच परीक्षा थांबवू शकते, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

लष्करी मार्गाची सुरुवात परवान्याच्या कितीतरी आधी, भरतीच्या वेळीच होते. भूदलात वॉरंट ऑफिसर म्हणून थेट हेलिकॉप्टर प्रशिक्षणासाठी अर्ज करता येतो आणि त्यासाठी पदवी अनिवार्य नाही. मात्र सिफ्ट ही निवड चाचणी किमान ४० गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते आणि हवाई सेवेसाठीची वैद्यकीय तपासणीही पार करावी लागते. पुढचे प्रशिक्षण अलाबामा राज्यातील फोर्ट रकर येथे होते. प्रशिक्षणाचा खर्च सरकार उचलते, पण २०२० च्या ऑक्टोबरपासून भूदलाच्या नव्या वैमानिकांना १० वर्षांच्या सेवेचे बंधन आहे, जे त्याआधी ६ वर्षांचे होते. ‘फुकट प्रशिक्षण’ हा शब्द वापरण्यापूर्वी ही १० वर्षे मोजावीत.

अशा सेवेतील किंवा सेवेतून बाहेर पडलेल्या वैमानिकाला नियमावलीच्या कलम ६१.७३ खाली, ज्याला बोलीभाषेत ‘मिलिटरी कॉम्पिटन्स’ म्हणतात, व्यावसायिक परवाना मागता येतो. त्याला प्रत्यक्ष उड्डाण परीक्षा द्यावी लागत नाही. लष्करी वैमानिकांसाठी असलेली ५० प्रश्नांची लेखी परीक्षा ७० टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली की पुरते, आणि तिचा भर नागरी नियमांवर असतो, कारण उड्डाण त्याला येते असे गृहीत धरलेले असते. अपवाद महत्त्वाचा आहे : कौशल्य कमी पडल्यामुळे किंवा उड्डाणाशी संबंधित शिस्तभंगामुळे ज्याला उड्डाणाच्या कामावरून काढले गेले, त्याला हे कलम लागू होत नाही. परदेशी सेनेतील वैमानिकालाही ते सरसकट लागू नाही. त्याचा देश आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा सदस्य असावा आणि तो अमेरिकी सेनेत प्रशिक्षणार्थी म्हणून नव्हे, तर वैमानिकाच्या कामावर नेमलेला असावा, तरच हा मार्ग खुला होतो.

कागदपत्रांत तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. अर्जदार अमेरिकी सेनेचा वैमानिक आहे किंवा होता, हे ओळखपत्रावरून किंवा सेवामुक्तीच्या डीडी २१४ या दाखल्यावरून दिसते. त्याने सेनेच्या प्राथमिक वैमानिक प्रशिक्षण शाळेतून प्रशिक्षण पूर्ण करून वैमानिकाचा दर्जा मिळवला, याचा अधिकृत आदेश किंवा प्रमाणपत्र लागते. तिसरी गोष्ट म्हणजे त्या प्रकारच्या लष्करी विमानावर त्याने अधिकृत उड्डाण तपासणी व उपकरण-उड्डाणाची तपासणी उत्तीर्ण केली किंवा किमान १० तास वैमानिक म्हणून उड्डाण केले, याची नोंद. भूदलातील वैमानिकांकडे ती डीए ७५९ या वैयक्तिक उड्डाण नोंदपत्रकात सापडते. हे सारे सेवेत असतानाच प्रमाणित करून घ्यावे. वर्दी उतरल्यावर जुन्या युनिटकडून एखादी सही मिळवायला किती दिवस लागतील, याचा अंदाज कोणी करू नये.

अर्ज दोघांचाही एकाच ठिकाणी होतो. आयॅक्रा या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी करून ओळख क्रमांक मिळवायचा आणि ८७१०-१ हा फॉर्म भरायचा. कोणत्या आधारावर परवाना मागता, हे या फॉर्ममध्ये निवडावे लागते : परीक्षा पूर्ण केली म्हणून, लष्करी पात्रता आहे म्हणून, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम संपवला म्हणून किंवा परदेशी परवाना आहे म्हणून. लष्करी अर्जदाराने दुसरा पर्याय निवडला की त्याला सेनादल, वैमानिकाचा दर्जा मिळाल्याची तारीख आणि हुद्दा विचारला जातो. घाईत पहिलाच पर्याय निवडला, तर अर्ज उड्डाण परीक्षेच्या वाटेने जातो आणि निरीक्षकाकडून परत येतो. भरलेला अर्ज व मूळ कागद घेऊन एफएएच्या विभागीय कार्यालयात, ज्याला तिथले लोक फिझडो म्हणतात, किंवा तसा अधिकार असलेल्या परीक्षकाकडे वेळ ठरवून जावे लागते.

फॉर्ममधला सर्वांत किचकट भाग तासांच्या तक्त्याचा. नागरी उमेदवाराचे लॉगबुक पहिल्या दिवसापासून याच रकान्यांत भरलेले असते, म्हणून त्याला फक्त बेरीज करावी लागते. लष्करी नोंदींचे रकाने मोहिमेच्या गरजेनुसार आखलेले असतात, त्यामुळे क्रॉस-कंट्रीचे तास त्यांत बहुधा वेगळे दिसत नाहीत. हेलिकॉप्टरच्या नागरी परवान्यासाठी निघाल्या ठिकाणापासून सरळ रेषेत २५ नॉटिकल मैलांहून दूर उतरलेले उड्डाण क्रॉस-कंट्री धरले जाते, हा निकष हाती घेऊन जुन्या नोंदी एकेक करून चाळाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढे नोकरीच्या मुलाखतीत हाच तक्ता समोर ठेवला जातो, आणि तिथे अंदाजाने लिहिलेला आकडा उघडा पडतो.

कलम ६१.७३ ने एक गोष्ट मात्र मिळत नाही. रॉबिन्सन आर-२२ आणि आर-४४ या हलक्या हेलिकॉप्टरांसाठी १९९५ पासून विशेष प्रशिक्षणाचा नियम आहे आणि ब्लॅक हॉक या लष्करी हेलिकॉप्टरवर हजारो तास केलेल्या वैमानिकालाही त्यातून सूट नाही. कारण यंत्रात आहे. ब्लॅक हॉकचा चार पात्यांचा रोटर जड असतो; आर-२२ चा दोन पात्यांचा रोटर इतका हलका की इंजिन बंद पडल्यावर कलेक्टिव्ह, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा लिव्हर, खाली करायला सेकंदभराहून जरा जास्त उशीर झाला, तरी रोटरचे फेरे परत न मिळण्याइतके घसरतात. शिवाय झोके घेणाऱ्या या दोन पात्यांच्या रोटरवरचा भार अचानक हलका झाला आणि वैमानिकाने सवयीने बाजूला स्टिक मारली, तर रोटरचा गाभा त्याला फिरवणाऱ्या दांड्यावर आदळू शकतो. चार पात्यांच्या यंत्रावर शिकलेल्या हाताला ही भीती ठाऊकच नसते. म्हणून आर-२२ मुख्य वैमानिक म्हणून उडवायला हेलिकॉप्टरचे २०० तास व त्यांत आर-२२ चे ५० तास, किंवा आर-२२ वर इन्स्ट्रक्टरसोबत १० तास आणि त्याची लेखी शिफारस लागते. नागरी वैमानिक बहुधा याच यंत्रावर वाढलेला असतो, त्यामुळे इथे तो पुढे असतो. त्याउलट १२,५०० पौंडांहून जड हेलिकॉप्टरसाठी वेगळे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचे यंत्र उडवण्याची मान्यता, लागते, जे लष्करी वैमानिकाला त्याच्या यंत्राचा नागरी समकक्ष प्रकार अस्तित्वात असल्यास कागदांवरच मिळू शकते, आणि नागरी वैमानिकाला ते मिळवायला बराच खर्च येतो.

मोबदला घेऊन उडवण्यासाठी दोघांनाही दुसऱ्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, जे या कामासाठी १२ महिने चालते. लष्करी तपासणीचा अहवाल त्याची जागा घेत नाही. या तपासणीआधी भरायच्या ऑनलाइन अर्जात अपंगत्वाचे लाभ मिळतात का, असा थेट प्रश्न असतो. माजी सैनिक विभागाकडून असा लाभ घेणाऱ्याने तिथे ‘नाही’ लिहू नये. दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहिल्यावर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० वैमानिकांची चौकशी सुरू असल्याचे एफएएने सांगितले होते. लाभ मिळतो म्हणून प्रमाणपत्र आपोआप नाकारले जात नाही, पण तो लपवल्यास परवानाही जाऊ शकतो.

अर्ज मंजूर झाला की त्याच दिवशी हातात १२० दिवसांचा तात्पुरता परवाना मिळतो आणि कायमचे कार्ड नंतर टपालाने घरी येते.