ताप कितव्या दिवशी तपासावा? तापाच्या चाचण्यांविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

पुण्यात पाऊस स्थिरावला की थेट दिवाळीच्या तोंडापर्यंत आमच्या लहानशा प्रयोगशाळेत येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर 'ताप' एवढाच शब्द आणि त्याखाली चार-पाच चाचण्यांची नावे असतात. काही ग्राहक चिठ्ठीशिवायही येतात आणि "सगळ्या तापांची एकदाच तपासणी करून टाका" असे सांगतात. अशी एकच तपासणी नसते. रक्त काढण्यापूर्वी आमचे कर्मचारी आपल्याला ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला हे विचारतात. कित्येकांना तो औपचारिक प्रश्न वाटतो. वास्तविक त्या उत्तरावरच कोणती चाचणी उपयोगाची आणि कोणती निव्वळ खर्चाची हे ठरते. म्हणून हे पत्रक काढले आहे.

संसर्गजन्य रोग ओळखण्याच्या चाचण्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात रोगजंतू किंवा त्याचा एखादा अंश प्रत्यक्ष शोधला जातो. दुसऱ्या प्रकारात त्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधली जातात. जंतू आजाराच्या आरंभी भरपूर असतो आणि पुढे कमी होत जातो, तर प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस लागतात आणि नंतर ती आठवडे, कधी महिनेही, रक्तात राहतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी प्रतिपिंडांची चाचणी केली आणि ती निगेटिव्ह आली, तर त्यातून आजार नाही असे सिद्ध होत नाही; आपण फार लवकर विचारले, एवढेच सिद्ध होते.

डेंग्यूत हे सर्वांत स्पष्ट दिसते. एनएस-वन ही चाचणी विषाणूचे एक प्रथिन शोधते आणि ती पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत विश्वासार्ह असते. आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर शरीर आधी तयार करते त्या प्रकारची प्रतिपिंडे, पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतात. ज्यांना पूर्वी कधी डेंग्यू होऊन गेला आहे, त्यांच्या रक्तातून एनएस-वन लवकर नाहीसे होऊ शकते, म्हणून अशा रुग्णांत चौथ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट निर्णायक मानू नये. दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देणारी कार्ड चाचणी आणि एलायझा पद्धतीची, म्हणजे प्रयोगशाळेत यंत्रावर वाचली जाणारी चाचणी यांतही फरक आहे. शासकीय यंत्रणा निश्चित निदानासाठी एलायझा ग्राह्य धरते. देशभरातील ठरावीक शासकीय रुग्णालयांना डेंग्यूच्या आयजीएम एलायझाचे संच पुरवणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आपल्या पुण्यातच आहे. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली.

दिवस मोजण्यात चूक कशी होते, याचा एक नमुना सांगतो. मागील पावसाळ्यात एक गृहस्थ आले आणि त्यांनी "परवापासून ताप आहे" असे सांगितले. चिठ्ठीवर फक्त एनएस-वन होती. रक्त काढणाऱ्या आमच्या ताईंनी सहज विचारले, "काका, रविवारी जेवण गेलं होतं का?" त्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "कुठलं जेवण! शनिवारीच अंग मोडून आलं होतं, गोळी घेऊन झोपले होते." तो दिवस गुरुवार होता, म्हणजे आजाराचा सहावा दिवस. गोळीने उतरलेला ताप त्यांनी मोजलाच नव्हता. त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून आयजीएम जोडली. एनएस-वन निगेटिव्ह आणि आयजीएम पॉझिटिव्ह आली. कृपया पहिली कणकण, पहिली थंडी किंवा पहिली अंगदुखी ज्या दिवशी जाणवली तो पहिला दिवस धरावा, मग त्या दिवशी थर्मामीटर लावलेला असो वा नसो.

डेंग्यूच्या रुग्णांच्या घरी सर्वाधिक धास्ती प्लेटलेटची असते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये प्लेटलेटची संख्या सामान्यतः दीड लाख ते साडेचार लाख असते. डेंग्यूत ती तिसऱ्या दिवसानंतर उतरू लागते आणि ताप ओसरण्याच्या सुमारास सर्वांत खाली जाते. यंत्र या पेशी त्यांच्या आकारावरून मोजते. काही व्यक्तींचे रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याशी संपर्कात आले की प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. यंत्राला या गुठळ्या प्लेटलेट म्हणून ओळखता येत नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. रक्त काढताना सुई नीट लागली नाही, किंवा नळी भरल्यावर ती हळुवार सात-आठ वेळा उलटसुलट केली नाही, तरीही असेच घडते. काही वर्षांपूर्वी आमच्याच हातून अशी चूक झाली होती: बत्तीस हजारांचा आकडा काचपट्टी न पाहता कळवला गेला, एका कुटुंबाने रात्री धावपळ करून रुग्णाला दाखल केले, आणि पुन्हा केलेल्या तपासणीत प्लेटलेट एक लाखाच्या वर निघाल्या. तेव्हापासून एक लाखाखालील प्रत्येक आकड्यासाठी आम्ही रक्ताची पातळ काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. पट्टीच्या शेपटीकडच्या टोकाला प्लेटलेटचे जांभळट पुंजके दिसले, तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत नव्याने रक्त घेतो आणि त्या नळीतील द्रवामुळे रक्त पातळ होते म्हणून आलेल्या आकड्यास १.१ ने गुणतो. त्यामुळे आपल्याला कधी दुसऱ्यांदा बोलावले, तर कृपया रागावू नये. त्या वेळी वेगळे शुल्क आकारले जात नाही.

सकाळी एक लाख दहा हजार आणि संध्याकाळी अठ्ठ्याण्णव हजार, या दोन आकड्यांत घाबरण्याजोगा फरक नसतो. एवढा चढउतार मोजणीतही होतो. डॉक्टर प्लेटलेटइतकेच हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा दाटपणा, पाहतात, कारण डेंग्यूतील खरा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्त दाट होण्यात असतो. हा धोका ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असतो, आणि नेमके तेव्हाच घरचे निर्धास्त होतात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, अस्वस्थता किंवा अतिशय गळून जाणे, यांपैकी काहीही दिसले तर प्रयोगशाळेत न येता थेट रुग्णालयात जावे. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नये. या दिवसांत मंडईत किवीचा भाव का चढतो हे आम्हांस ठाऊक आहे. ताप उतरल्यावर प्लेटलेट आपोआप वाढू लागतात आणि श्रेय मात्र त्या आठवड्यात खाल्लेल्या फळाला मिळते.

मलेरियाचा परजीवी रक्तातील तांबड्या पेशींत राहतो आणि तो काचपट्टीवर प्रत्यक्ष पाहता येतो, म्हणून शंभराहून अधिक वर्षे जुनी ही पद्धत अजूनही प्रमाण मानली जाते. औषध सुरू करण्यापूर्वी रक्त द्यावे, शक्य तर थंडी वाजून ताप चढत असताना. पण ताप येण्याची वाट पाहत घरी थांबू नये. पहिली पट्टी निगेटिव्ह आली आणि संशय कायम असला, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा पट्टी करावी लागते. फॅल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियाची कार्ड चाचणी उपचार पूर्ण झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. त्यावरून औषध लागू पडले नाही असा निष्कर्ष काढू नये.

टायफॉइडबाबत आमचे मत थोडे परखड आहे. विडाल ही प्रतिपिंडे शोधणारी चाचणी १८९६ पासून वापरात आहे, स्वस्त आहे आणि एका दिवसात उत्तर देते, म्हणून ती फार लिहिली जाते. परंतु पहिल्या आठवड्यात ती अनेकदा निगेटिव्ह असते, आणि जुना टायफॉइड, लस किंवा दुसराच एखादा ताप यांमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. एकाच विडालवर चौदा दिवसांची प्रतिजैविके घेतलेले आणि प्रत्यक्षात डेंग्यू असलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत. टायफॉइडचा जंतू पकडण्याचा योग्य मार्ग म्हणजे पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी, केलेले ब्लड कल्चर, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यातील जंतू वाढवून पाहणे. त्यासाठी प्रौढ व्यक्तीचे आठ ते दहा मिलिलीटर रक्त लागते. एवढे रक्त कशाला, असे बऱ्याच जणांना वाटते. टायफॉइडमध्ये रक्तातील जंतूंची संख्या मुळातच अत्यल्प असते. रक्त कमी घेतले तर जंतू बाटलीत येतच नाही. जंतू वाढला तर बहुधा एक ते तीन दिवसांत कळते, पण निगेटिव्ह म्हणण्यापूर्वी बाटली पाच ते सात दिवस उबेत ठेवावी लागते. हे कल्चरसुद्धा टायफॉइडच्या दहा रुग्णांपैकी साधारण सहा जणांतच जंतू पकडते. त्याचा मोठा लाभ असा, की जंतू सापडला तर कोणते औषध त्याला मारते आणि कोणते नाही हेही कळते. घरातील उरलेल्या ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेऊन मग रक्त द्यायला येणारे ग्राहक ही माहिती स्वतःच्या हाताने घालवतात. गोळी घेतलीच असेल तर निदान तसे सांगावे. आम्ही ते रिपोर्टवर नोंदवतो.

चिकुनगुन्याची आयजीएमही पाचव्या-सहाव्या दिवसानंतरच करावी. साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून अनवाणी चालणे झाले असेल तर डॉक्टरांना ते अवश्य सांगावे, कारण लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा विचार त्यावरूनच होतो. हे ताप लक्षणांवरून वेगळे करणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे तापाचे अनेक रुग्ण आढळले. तेथील नमुने विषाणू विज्ञान संस्थेकडे गेल्यावर डेंग्यू-चिकुनगुन्याबरोबर झिका या डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूचा महाराष्ट्रातील पहिला रुग्णही त्यांतच निघाला.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर क्षयाची तपासणी रक्तावर करण्याचा आग्रह धरू नये. क्षयाच्या निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडे पाहणाऱ्या चाचण्यांवर केंद्र शासनाने २०१२ मध्ये बंदी घातली आहे. तपासायचा असतो तो बेडका. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, उघड्या हवेत किंवा खिडकीजवळ उभे राहून दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत आणि छातीतून खोकून निघालेला दाट बेडका डबीत घ्यावा. लाळ चालत नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर काही तासांत क्षयाच्या जंतूची जनुके ओळखता येतात आणि रिफाम्पिसिन हे औषध त्यावर चालेल की नाही हेही समजते. ही तपासणी व उपचार शासकीय केंद्रांत मोफत आहेत, हे सांगण्यात आमचा व्यवसाय बुडतो असे आम्ही मानत नाही.

आता एका गोष्टीविषयी, जिच्यावरून कधीकधी आमच्याशी वाद होतो. डेंग्यू, मलेरिया, क्षय अशा काही रोगांचे पॉझिटिव्ह रिपोर्ट प्रयोगशाळेला पालिकेच्या आरोग्य विभागास कळवावे लागतात. क्षयाची नोंद २०१२ पासून सक्तीची आहे. "आमचे नाव कशाला दिलेत?" असे विचारले जाते. त्याचे उत्तर एका उदाहरणाने देतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हा विकार स्वतः संसर्गजन्य नाही. पण एखाद्या संसर्गानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तो उद्भवू शकतो. वेगवेगळ्या रुग्णालयांतले रुग्ण पत्त्यांसह एकत्र मांडले गेले, तेव्हा ते एकाच भागातले असल्याचे दिसले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि लक्ष पिण्याच्या पाण्याकडे वळले. सुटा रिपोर्ट एका रुग्णाचा असतो; पत्ता जोडला की तो वस्तीचा होतो. रोग कसा पसरतो हेच ठाऊक नसताना केलेला बंदोबस्त किती जाचक होतो, हे या शहराने १८९७ च्या प्लेगमध्ये भोगले आहे: तेव्हा घरे धुंडाळली गेली, सामान जाळले गेले, आणि उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते त्यानंतर, १८९८ मध्ये.

डेंग्यूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की पालिकेचे कर्मचारी आपल्या घरी व आसपास पाहणी करण्यास येऊ शकतात. ते येण्यापूर्वीच आपणही पाहावे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व पाणी ओतून भांडी कोरडी करावीत. नुसते ओतणे पुरत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे पिंपाची कड आतून घासावी लागते. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवरील झाकण तुटलेली टाकी, या जागा बहुतेक घरांत राहून जातात. रुग्णाला पहिले पाच दिवस दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवावे, कारण हा डास दिवसा चावतो आणि त्या दिवसांत रुग्णाच्या रक्तातून विषाणू घेऊन घरातल्या दुसऱ्याला देतो.

तापाच्या चाचण्यांसाठी उपाशी येण्याची गरज नाही; पाणी भरपूर पिऊन यावे, शीर लवकर सापडते. येताना डॉक्टरांची चिठ्ठी, सुरू असलेल्या औषधांची पाकिटे आणि ताप सुरू झाल्याची तारीख कागदावर लिहून आणावी. रुग्ण फार अशक्त असेल तर फोन करावा, आमचे कर्मचारी घरी येऊन रक्त नेतील. ब्लड कल्चरच्या बाटल्या त्यांना सोबत आणाव्या लागतात, म्हणून ती चाचणी असल्यास फोनवरच तसे सांगावे.