सैन्याने नेलेल्या मक्याची भरपाई: सदर्न क्लेम्स कमिशनकडे अर्ज कसा होई?

अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मुंबईत कापसाचे भाव भडकले, एवढं आपल्याला ठाऊक असतं. तिकडे शेतावर मागे राहिलेल्या बायकांच्या कोठारात काय उरलं, ते एका सरकारी अर्जाच्या फायलींत सापडतं. १८६४ च्या अखेरीस जनरल शर्मनचं उत्तरेचं सैन्य जॉर्जियातून गेलं, ते वाटेतल्या शेतांवर पोट भरत. मका, खारवलेलं मांस, गाई, खेचरं सगळं उचललं. कुंपणाची लाकडंही शेकोटीत गेली. खेचर गेलं म्हणजे पुढची नांगरणीही गेली.

उत्तरेशी एकनिष्ठ राज्यांतल्या लोकांना अशा मालाचे पैसे मागायची सोय १८६४ च्या कायद्याने झाली होती. संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या राज्यांतल्या लोकांना ती नव्हती. त्यांच्यासाठी ३ मार्च १८७१ च्या कायद्याने तीन आयुक्तांचं सदर्न क्लेम्स कमिशन, म्हणजे दक्षिणेतले दावे तपासणारा आयोग, आलं. अर्जाची मुदत ३ मार्च १८७३ ला संपली.

पात्रता

अर्जदार फुटलेल्या राज्यातला हवा आणि युद्धाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत संघराज्याशी एकनिष्ठ हवा. माल उत्तरेच्याच सैन्याने, सैन्याच्या वापरासाठी नेलेला हवा. दक्षिणेच्या सैन्याने नेलेल्याचा दावा चालत नसे. जाळलेलं घर, तुडवलेलं पीक, सैनिकाने खिशात घातलेले चमचे यांचे पैसे नाहीत. कुंपणाची लाकडं मात्र चालत, कारण ती सैन्याचं सरपण झाली. कोठार रिकामं करून वर घर पेटवलं असेल, तर दावा फक्त कोठारातल्या मालाचा.

कागदपत्रं आणि साक्षी

अर्जात वस्तूंची यादी, प्रमाण, किंमत, कधी व कुठे नेली आणि कोणत्या तुकडीने, हे लिहायचं. पावती असेल तर जोडायची. आता अंगणात बंदूकधारी उभे असताना पावती मागायची कोणी? पण पावती मागितली होती का, हा प्रश्न साक्षीत विचारला जाईच. त्यामुळे सगळा भार साक्षीदारांवर: निष्ठेसाठी शेजारी, मालासाठी तो नेताना डोळ्यांनी पाहिलेला माणूस. दहा हजार डॉलरपर्यंतच्या दाव्यांची साक्ष गावाजवळ विशेष आयुक्त नोंदवत. त्यावरच्यांना थेट वॉशिंग्टन गाठावं लागे.

१८७४ पर्यंत प्रश्नावली ८० प्रश्नांवर पोचली होती. माल रात्री नेला की दिवसा, लपूनछपून की उघड, अधिकारी हजर होता का, तक्रार केली का. मुलगा दक्षिणेच्या फौजेत होता का, त्याला पैसे किंवा सामान दिलं का. बाईने अर्ज केला तर नवऱ्याच्या निष्ठेचीही चौकशी. पूर्वीच्या गुलामांना वेगळेच प्रश्न: स्वतंत्र कधी झालात, हा माल तुमचा कसा? जॉर्जियाच्या लिबर्टी काउंटीतल्या अशा अनेकांनी, ठरलेलं काम उरकल्यावरच्या वेळेत डुकरं-गुरं जमवली होती, हे साक्षीतून पटवून दिलं.

आपल्याकडचा पंचनामा नुकसान मोजतो. इथे आधी माणूसच मोजला जाई. कमिशनचे एजंट गावात फिरून खातरजमा करत, आणि दक्षिणेच्या सरकारची जप्त दफ्तरं चाळून अर्जदाराचं नाव शोधलं जाई. त्या सरकारला धान्य विकल्याची नोंद निघाली की दावा बुडाला.

निकाल आणि पैसे

आयुक्त अहवाल काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला देत, आणि तिथे तरतूद मंजूर झाली की पैसे. एकूण २२,२९८ दावे आले, मागणी ६ कोटी डॉलरच्या वर. मिळाले सुमारे ४६ लाख. काहीतरी पदरात पडलं ते साधारण तिघांपैकी एकाच्या. अर्ज मुद्दाम अवघड केला होता असं मला वाटत नाही. खोटे दावे येणार ही भीती खरी होती. पण तिचा भुर्दंड पावती नसलेल्या विधवेने भरला.

कमिशनचं काम १८८० मध्ये संपलं. या फायली आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मंजूर आणि नामंजूर दावे वेगवेगळ्या दफ्तरांत ठेवले आहेत, त्यामुळे एखाद्या कुटुंबाचा शोध घेताना राज्य, काउंटी आणि दाव्याचा निकाल आधी पाहावा.