सर्व्हिस कमरेखालून की १.१५ मीटरखालून?

भाताची मळणी आटोपली, अंगणं चोपून सारवून झाली की कोकणात फूल-रॅकेटचा, म्हणजे बॅडमिंटनचा, हंगाम सुरू होतो. पोफळीचे दोन खांब, फक्कीच्या रेषा, वर दोन हॅलोजन. दुपारनंतर खारे वारे आणि उत्तररात्री मतलई वारे यांच्या मधल्या वेळात वारा पडतो, तेवढ्यात सामने उरकायचे. यंदा आमच्या भागातल्या एका स्पर्धेच्या पत्रकावर ‘सर्व्हिस १.१५ मी.च्या आत’ अशी ओळ आली आणि वाडीवाडीत वाद सुरू झाला. ‘कमरेखालून’ हा नियम लहानपणापासून पाठ असलेल्यांना ती ओळ खुपली. ती आली कुठून, त्याची ही पार्श्वभूमी.

वाऱ्याशी या खेळाचं भांडण जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो उघड्यावर खेळत, तेव्हा त्याला ‘पूना’ असंच नाव होतं. वारा असला की पिसांच्या फुलाऐवजी लोकरीचा चेंडू घेत. इंग्लंडात गेल्यावर ग्लॉस्टरशायरमधल्या एका उमरावाच्या वाड्याचं नाव खेळाला चिकटलं आणि खेळ छपराखाली गेला. १९०१ पर्यंत कोर्ट नेटजवळ आवळलेलं, डमरूसारखं होतं. ते पुढे १३.४० बाय ६.१० मीटरचं सरळ आयत झालं. एक गोष्ट मात्र कायम राहिली. टेनिससारखी डोक्यावरून सर्व्हिस इथे नाही. फूल खालून वर जायचं, म्हणजे समोरच्याला ते खेळता यायचं. सर्व्हिसने खेळ सुरू व्हावा, संपू नये, हा त्यामागचा विचार. आजपर्यंतची सगळी ओढाताण त्याच्याभोवती आहे.

१९८० च्या दशकात मलेशियातल्या भावांच्या एका जोडीने फुलाच्या बुचाऐवजी पिसांना रॅकेट लावून सर्व्हिस करायला सुरुवात केली. फूल गिरक्या घेत येई आणि समोरचा गोंधळून जाई. तेव्हा रॅकेट आधी बुचालाच लागली पाहिजे असा नियम झाला. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या एका खेळाडूने बोटांनीच फूल फिरवून सोडायची युक्ती काढली, तीही थोड्याच महिन्यांत बंद झाली.

उंचीचा वाद मात्र मिटत नव्हता, कारण तो ‘कंबर’ या शब्दात अडकला होता. आपण कंबर म्हणतो ती लुंगीची गाठ किंवा पॅंटचा पट्टा बसतो ती जागा. नियमातली कंबर त्याहून वर: शेवटच्या बरगडीच्या खालच्या टोकाच्या पातळीवर अंगाभोवती कल्पिलेली रेषा. दोन्हींत चांगलं चार बोटांचं अंतर पडतं. सैल टी-शर्टाखालची बरगडी पंचाला दिसणार कशी? मग कुणी पट्टा धरायचा, कुणी कोपर. गावच्या अंतिम सामन्यात याच चार बोटांवरून रात्री एक वाजता खेळ थांबलेला मी पाहिला आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या.

२००६ पर्यंत हे खपून जात होतं. तेव्हा १५ गुणांचा गेम होता आणि गुण सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळे. सर्व्हिस फॉल्ट झाली तर सर्व्हिस जायची, गुण जात नसे. दुहेरीत तर अनेकदा जोडीदाराची सर्व्हिस शिल्लक असायची. आम्ही त्याच पद्धतीत वाढलो. १४-१४ वर अर्धा-अर्धा तास गुण न हलणारे सामने पाहिले. २००६ मध्ये २१ गुणांचा गेम आणि प्रत्येक रॅलीला गुण आला. त्या दिवसापासून पंचाने ‘फॉल्ट’ म्हटलं की समोरच्याच्या खात्यात सरळ एक गुण. २०-२० वर ही फार मोठी शिक्षा. कंबर कुठे हा प्रश्न तिथून पेटला.

२०१८ च्या मार्चपासून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कंबर गेली आणि कोर्टापासून १.१५ मीटर हे ठरीव माप आलं. सर्व्हिस करताना अख्खं फूल त्याखाली हवं. उंच खेळाडूंनी उघड नाराजी दाखवली. सहा फुटांवरच्या माणसाला वाकून किंवा पाय फाकून सर्व्हिस करावी लागते, ही त्यांची अडचण खरी आहे. पण जुन्या नियमात उंच माणसाला वरून फूल सोडायची मुभा आपोआप मिळे, बुटक्याला नाही, हे फार कमी लोक बोलतात. आपल्याकडच्या शाळकरी मुलींच्या दुहेरीत याचा फरक लगेच कळतो. नेट सगळ्यांना सारखं, मग सर्व्हिसची रेषाही सारखी असावी, असं मला मनापासून वाटतं.

राहिला प्रश्न तपासायचा कसा. नुसती खांबावर खूण करून भागत नाही. बघणाऱ्याचा डोळा वर-खाली झाला की रेषाही वर-खाली दिसते. म्हणून मोठ्या स्पर्धांत सर्व्हिस पंचासमोर दोन पारदर्शक पट्ट्या असतात, दोन्हींवर १.१५ मीटरवर काळी रेघ. आपल्याकडे दोन चौकटींना सुतळी ताणून हेच करता येतं. खुर्चीत बसून डोळा असा आणायचा, की पुढची सुतळी मागचीवर बसून एकच दिसेल, आणि त्याच नजरेने फुलाकडे बघायचं.

टेपच नसेल तर नेटवरून अंदाज घ्यावा. खांबापाशी नेट १.५५ मीटर उंच आणि जाळीचा पदर वरपासून खालपर्यंत ७६ सेंटिमीटरचा, म्हणजे १.१५ ची पातळी पदराच्या मध्याखाली जेमतेम दोन सेंटिमीटरवर येते. फक्त आपल्या जांभ्याच्या उताराकडे लक्ष हवं. अंगण समुद्राच्या बाजूला कललेलं असेल तर दोन्ही टोकांना, सर्व्हिस करणारा उभा राहतो त्या जमिनीपासून, वेगवेगळं मोजावं लागेल.